नाना, 'अलाऊ' दाबा ना!

मे महिन्याच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला मित्राच्या मामांच्या लॉजवर चार दिवस पडीक होतो. समुद्र, मोदक आणि झोप, एवढाच बेत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर असं भांडण जुंपलं की रूमसाठी ताटकळलेली गिऱ्हाइकंसुद्धा बॅगा खाली ठेवून ऐकत उभी राहिली. कारण काय, तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर येणारी एक चौकट! अँटिव्हायरसला इंटरनेटला जोडायचंय, परवानगी द्यायची का? मॅनेजर नाना दिवाळीपासून इमानेइतबारे 'ब्लॉक' दाबत होते. हिशेब बघणाऱ्या दादाला ते त्या दिवशी कळलं.

"अहो नाना, याच मशीनवरनं मी बँकेचे व्यवहार करतो. सहा महिने अपडेट नाही?"

"आणि याच मशीनवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं आहेत. ते गुपचूप कुणाशी बोलतंय, मला काय ठाऊक? शिवाय 'अलाऊ' म्हटलं की नेट बसतं. उद्या काय झालं तर मान माझी धरतील, तुझी नाय!"

मामांनी आमच्याकडे पाहिलं. इंजिनिअरिंगची पोरं ना तुम्ही? सांगा आता. आली का पंचाईत! कारण दोघांचंही बरोबर होतं.

मित्रांनो, अँटिव्हायरस म्हणजे हॉस्टेलच्या गेटवरचा वॉचमन समजा. त्याच्याकडे चोरांच्या फोटोंची वही असते आणि तिच्यात रोज नवी पानं पडतात. ती आणायला त्याला बाहेर जावंच लागतं. वहीत नसलेली फाइल दिसली, तर तो तिचा ठसा कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. हा ठसा म्हणजे फाइलवर गणित करून काढलेला आकडा, ज्याला आपण हॅश म्हणतो. 'एसएचए-२५६'चा हॅश सोळांच्या पाढ्यातली, म्हणजे हेक्झाडेसिमल, ६४ अक्षरं. फाइल एक केबीची असो की एक जीबीची, अक्षरं तेवढीच. ठशावरून आधार कार्ड परत तयार करता येत नाही. इथवर नानांना घाबरायचं कारण नाही.

पण पुढे एक गोम आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'संशयास्पद नमुने पाठवा' अशी खूण आधीपासूनच केलेली असते. तिथे ठसा नाही, अख्खी फाइल जाऊ शकते. आणि नानांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. 'अवास्ट' या नामांकित अँटिव्हायरसने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती 'जंपशॉट' या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. २०२० साली ती उपकंपनी बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वॉचमननेच रजिस्टर विकलं म्हणा ना.

आता आपल्याच कोकणकिनाऱ्यावरचं उदाहरण. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे असलेलं टर्मिनल त्यात सापडलं आणि कंटेनरची कामं अडकली. हा किडा मुळात शिरला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे नाना बरोबर. पण शिरल्यावर एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरायला त्याने चोरलेल्या पासवर्डांबरोबर विंडोजचं एक भोक वापरलं, आणि ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. म्हणजे दादा बरोबर. एकाच हल्ल्यात दोन्ही पक्षांचे साक्षीदार!

अपडेटनेच घात केल्याचं दुसरं उदाहरण तर ताजंच आहे. १९ जुलै २०२४ ला 'क्राउडस्ट्राइक'च्या एका सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन्स निळी पडली. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. म्हणूनच मोठ्या ठिकाणी अपडेट आधी चार-दोन मशीनवर घालून बघतात, मग बाकीच्यांवर. लॉजवर मशीनच एक, तिथे कसली चाचणी!

मशीनचं नेट कायमचं तोडा, हाही उपाय नव्हता. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, आणि बुकिंगही नेटवरच.

मग आम्ही सेटिंग उघडून बसलो. नमुने पाठवायची खूण काढली, वापराची माहिती पाठवायचीही काढली. अपडेटची वेळ दुपारी तीनची ठेवली, कारण तेव्हा काउंटरवर नाना सोडून कुणी नसतं आणि नानाही पेंगत असतात. नेट का बसत होतं तेही कळलं. रोज अपडेट घेतला तर फक्त नवी पानं येतात, पण सहा महिने अडवल्यावर अख्खी वही नव्याने उतरवावी लागते. कधी चुकून 'अलाऊ' दाबलं गेलं, की ती उतरायला लागायची आणि नाना घाबरून परत 'ब्लॉक' करायचे. सापळा त्यांनीच लावलेला, अडकलेही तेच.

खरा धोका मात्र डेस्कटॉपवर उघडा पडला होता. 'आयडी' नावाच्या फोल्डरमध्ये कित्येक वर्षांच्या पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो, पासवर्ड वगैरे काही नाही. त्याबद्दल कुणीच भांडलं नव्हतं! मामांनी जुने सगळे काढून टाकायला सांगितले.

आणि मामांना एक विचारलं, की 'अलाऊ' की 'ब्लॉक' हे ठरवायचं कुणी? त्यांना असा काही प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं. खुर्चीत जो बसेल त्याला ती चौकट विचारत होती, आणि तो आपल्या सोयीने उत्तर देत होता. आता दादाने ठरवायचं, आणि बदल केला तर काउंटरच्या वहीत तारीख घालून लिहायचा, नानांना दाखवून.

साठलेला अपडेट उतरायला त्या दुपारी दीड तास लागला. मध्ये दोनदा लाइट गेली. नाना स्टूल घेऊन स्क्रीनसमोर बसून होते, वॉचमनवर पहारा ठेवत.