ताईचे केस आणि काकांचे टक्कल

भंडारा जिल्ह्यातील दिघोरी गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळ तीन महिन्यांचे झाले आणि ताईच्या फणीत रोज केसांचा पुंजका निघू लागला. आजी म्हणते, "बाळ ओळखू लागलं की आईचे केस जातातच." त्याच घरात तिशीतले काका आहेत. त्यांचे कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकत चालले आहे. बाजारात दिसेल ते तेल ते आणून पाहतात. दोघांच्याही केसगळतीमागे संप्रेरके आहेत. पण ताईचे केस परत येतील, काकांचे आपोआप येणार नाहीत. असे का?

संप्रेरके म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींनी रक्तात सोडलेले रासायनिक निरोप. हे निरोप केसांनाही पोचतात. केस कातडीतल्या ज्या बारीक पिशवीतून उगवतो तिला केशपुटक म्हणतात. आपल्या डोक्यावर अशी सुमारे १ लाख केशपुटके असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या गतीने वाढतो. मग सुमारे ३ महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हा आजार नव्हे.

आता ताईकडे पाहू. गरोदरपणी रक्तात इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप वाढते. त्यामुळे गळायचे केसही टिकून राहतात. बाळंतपणानंतर त्याचे प्रमाण एकदम उतरते आणि अडून राहिलेले केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. दोन-चार महिन्यांनी ते एकदम गळतात. आजीचे निरीक्षण बरोबर आहे. दोष मात्र बाळाचा नाही. केशपुटके शाबूत असतात, म्हणून साधारण वर्षभरात केस पूर्ववत होतात.

काकांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे निकामी झाली अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांपैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले, तर मात्र टक्कल पडू लागते. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता या दोहोंची गाठ पडावी लागते.

शरीरातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते. कपाळावरची आणि टाळूवरची काही केशपुटके या पदार्थाला फार संवेदनशील असतात. ती हळूहळू आक्रसतात, केसाच्या वाढीचा काळ घटतो आणि जाड केसाऐवजी लव उगवते. गंमत अशी, की हेच संप्रेरक दाढी मात्र वाढवते! निरोप एकच, पण प्रत्येक केशपुटक त्याचा अर्थ वेगळा लावते. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस या निरोपाकडे फारसे लक्ष देत नाहीत. म्हणूनच केशरोपणात तेथील केस काढून पुढे लावतात आणि ते तेथेही टिकतात.

यावर औषधे आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा उपयोग ध्यानात आला. ते डोक्याला लावतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि लावणे थांबवले की फायदाही ओसरतो. फिनॅस्टेराइड वर सांगितलेल्या विकराला अडवते. त्याचे दुष्परिणाम असू शकतात आणि गरोदर स्त्रियांनी तर ते घेऊच नये. ही औषधे मुलामुलींनी स्वतःच्या मनाने वापरायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

अवटू ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले तरी केस विरळ होतात. तेथे उपचार ग्रंथीवर करायचा असतो, डोक्यावर नव्हे. मुलींमध्ये पाळीची अनियमितता, चेहऱ्यावर केस आणि डोक्यावरचे विरळ होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर न लाजता डॉक्टरांकडे जावे.

मात्र प्रत्येक केसगळती संप्रेरकांमुळे होत नाही. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांतील लोकांचे केस काही दिवसांतच झडले. लहान मुलेही त्यातून सुटली नाहीत. संप्रेरकांचे टक्कल वर्षानुवर्षे पसरते. ते असे गावेच्या गावे व्यापत नाही. म्हणून कारण बाहेर शोधावे लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत तेथील गव्हात सेलेनियम फार जास्त आढळले.

आता एक प्रयोग करा. फणीत आलेला केस काळ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहा. टोकाला पांढरा, वाटाणी गोळा दिसला, तर तो विश्रांती पुरी करून गळलेला केस समजा. त्याची जागा घ्यायला दुसरा येत असतो. आणि काकांना सांगा, पुढची बाटली घेण्याआधी केस का गळतात ते डॉक्टरांना विचारा. कारण कळल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड!