प्रदर्शनासाठी डांगी गोऱ्हा : तरुण शेतकऱ्याने काय करावे

भाताची झोडणी आटोपली की सह्याद्रीच्या डोंगराळ भागात जनावरांच्या बाजारांना व प्रदर्शनांना रंग चढू लागतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील राजूर येथे भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन अशा प्रदर्शनांपैकीच एक होय. तेथे बघ्यांची गर्दी पुष्कळ असते. परंतु जनावर रिंगणात उतरविणारे बहुधा वयस्क शेतकरीच असतात. घरातील अठरा-वीस वर्षांचा मुलगा कासरा धरण्यापुरता मागे उभा असतो. ही स्थिती पालटावयास हवी, आणि तीही केवळ हौसेखातर नव्हे.

डांगी जनावर मध्यम बांध्याचे, परंतु अतिशय काटक. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो व त्यामुळे मुसळधार पावसातही ते टिकाव धरते. खूर काळे व कठीण असल्याने खडकाळ वाटेवर आणि चिखलणीच्या खाचरात ते सारखेच चालते. हे गुण पुढच्या पिढीत उतरावयाचे तर चांगला वळू गावात राहिला पाहिजे. प्रत्यक्षात घडते ते उलट. कळपातील सर्वांत देखणा व दणकट गोऱ्हा दिसला की त्याला खच्ची करून औतास जुंपतात किंवा चांगली किंमत आली म्हणून विकून टाकतात. मागे राहतो तो खुरटा गोऱ्हा, आणि गावातील गाई त्याच्यापासूनच गाभण राहतात. प्रदर्शनात वळूला मान व बक्षीस मिळते, तेव्हा गोऱ्हा तसाच राखण्याचे एक रोकडे कारण घरातील वडीलधाऱ्यांपुढे उभे राहते. ते कारण पुढे करण्याचे काम तरुण मुलाने केले, तर त्याचे शब्द सहसा वाया जात नाहीत.

एका प्रदर्शनात एका तरुणाने आणलेला गोऱ्हा अंगाने भरलेला व रंगाने उठावदार होता. तरीही त्याला क्रमांक मिळाला नाही. मुलगा हिरमुसला, परंतु निघून न जाता परीक्षकांना त्याने कारण विचारले. त्यांनी गोऱ्ह्याला दहा पावले चालवून दाखविले. मागील पायांचे सांधे आत वळून एकमेकांस घासत होते. हा दोष त्या मुलाने दोन वर्षे दररोज पाहिला होता, पण त्याच्या ध्यानात आला नव्हता. बक्षिसापेक्षा ही नजर मोलाची, असे माझे मत आहे.

निवड पाच-सहा महिने अगोदर करावी. पाठ सरळ, छाती खोल, पाय चौकोनात टेकलेले, खूर काळे व कातडी सैल असावी. प्रदर्शनात अदत, दोनदाती, चारदाती असे गट पाडले जातात, म्हणून दात पाहून गट आधीच समजून घ्यावा. वजनकाटा नसला तरी अडत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून, त्यास लांबीने गुणावे व 660 ने भागावे, म्हणजे किलोमध्ये अंदाजी वजन मिळते. घेर 54 व लांबी 46 इंच असल्यास वजन सुमारे 203 किलो भरते. दर पंधरवड्यास हे माप वहीत टिपावे. ज्या पंधरवड्यात वाढ थांबली, त्यातील खाद्याकडे पाहावे.

एवढ्या गोऱ्ह्यास दिवसाकाठी सुमारे 5 किलो कोरडे खाद्य लागते. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर अंग धरत नाही, कारण त्यात प्रथिने फार थोडी असतात. हिरवा चारा आणि किलो-दीड किलो पेंड व भरडा यांची जोड द्यावी. मात्र ही वाढ हळूहळू करावी. शेवटच्या आठवड्यात भरमसाट खुराक दिल्याने जनावर पोट बिघडून बसते, फुगत नाही. अंगास तेल चोपडून कातडी तुकतुकीत दाखविण्याचाही उपयोग नाही. परीक्षक हात फिरवून पाहतात.

रोज पंधरा मिनिटे मोरकी घालून चालवावे व चारी पायांवर सरळ उभे राहण्यास शिकवावे. गोंगाटाची सवय नसलेले जनावर गर्दीत बुजते, म्हणून दोन-चार वेळा आठवडी बाजाराच्या वाटेने फिरवून आणावे.

रोगाच्या बाबतीत हयगय नको. लम्पी चर्मरोगामुळे 2022 साली राज्यात जनावरांचे बाजार व प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती, हे आपणांस ठाऊक आहेच. लाळ्या-खुरकूत व लम्पीची लस प्रदर्शनापूर्वी किमान तीन आठवडे टोचून घ्यावी, कारण अंगी प्रतिकारशक्ती येण्यास तेवढा अवधी लागतो. कानातील बारा आकडी बिल्ला तपासावा. नसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्यावा. परत आल्यावर जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे.

ग्रामसेवकांस एक विनंती. गावातील चांगले गोऱ्हे कोणाच्या दावणीला आहेत, हे पावसाळ्यातच पाहून ठेवावे आणि खच्चीकरणापूर्वी त्या घरी जावे. बोलणी वडिलांशी करावीत, पण वही मुलाच्या हाती द्यावी.

वळू राखल्यावर त्याच्यापासून झालेल्या वासरांची नोंदही त्याच वहीत ठेवावी. त्याच्या पाड्या माजावर येण्यापूर्वी त्याची दुसऱ्या गावच्या वळूशी अदलाबदल करणे आवश्यक असते, नाहीतर नात्यातच वीण होते. असा दुसरा वळू शोधण्यास प्रदर्शनाइतकी सोयीची जागा नाही; तेथे दहा गावांचे वळू एकाच मैदानात बांधलेले असतात आणि त्यांचे मालकही शेजारीच बसलेले असतात.