सनरूफमधून पाणी गळतंय? सिलिकॉन लावण्याआधी चार नळ्या तपासा

पांढरकवड्यात रात्रभर पाऊस झाला. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. सकाळी यवतमाळला निघालात, पहिल्याच गतिरोधकावर ब्रेक दाबला आणि छतातल्या दिव्याजवळून पाण्याची धार थेट मांडीवर आली. सनरूफ तर घट्ट बंद होतं. मग पाणी आलं कुठून?

बहुतेकांचा पहिला संशय काचेभोवतीच्या रबरावर जातो. कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब आणतं, काचेच्या कडेने जाड थर मारला जातो आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत येतं. वर सनरूफ उघडायचंही बंद होतं, ते वेगळंच.

सनरूफ पूर्ण ‘वॉटरप्रूफ’ नसतंच

काचेभोवतीचं रबर बरंचसं पाणी अडवतं, सगळं नाही. थोडं पाणी आत येणार, हे धरूनच रचना केलेली असते. काचेखालच्या चौकटीला पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बोटापेक्षा बारीक अशा, साधारणपणे चार नळ्या निघतात. पुढच्या दोन समोरच्या काचेलगतच्या खांबांतून खाली उतरतात आणि दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत उघडतात. मागच्या दोन बंपरच्या बाजूला जातात.

कौलारू घराची पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरतं. इथेही तसंच होतं. नळी बंद झाली की पन्हळ भरते, पाणी काठावरून छताच्या कापडावर उतरतं आणि ब्रेक लागला की पुढे धावतं. २०२३ मध्ये धबधब्याखाली उभ्या केलेल्या एका एसयूव्हीच्या छतातून पाणी गळतानाचा व्हिडिओ देशभर गाजला होता. आपल्याकडे त्यासाठी धबधबा लागत नाही, तुंबलेली एक नळी आणि रात्रभराची रिपरिप पुरते.

नळ्या तुंबवायला आपल्या भागात सामान भरपूर आहे. उन्हाळ्यात कडुनिंबाचा फुलोरा, पावसाळ्यात सागाची बारीक फुलं, हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारा कापूस आणि बाराही महिने नागपूर-हैदराबाद महामार्गाची धूळ. हे सगळं ओलं झालं की त्याचा घट्ट बोळा होतो.

पेलाभर पाण्याची परीक्षा

कोरड्या दिवशी, सपाट जागेवर गाडी उभी करा. सनरूफ उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पुढच्या एका कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश सोडा. त्याच बाजूच्या चाकाजवळ काही सेकंदांत धार दिसली तर नळी मोकळी आहे. पाणी साचून राहिलं तर बिघाड सापडला. चारही कोपरे असेच तपासा.

बोळा काढायला तार घालू नका, नळीला भोक पडतं. वॉशिंग सेंटरवर हवेचा जोरदार झोतही वरून मारू देऊ नका. त्या दाबाने नळी जोडावरून निसटते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी शेतकऱ्याच्या घरी असतेच. तिचं टोक गोल करून हलक्या हाताने फिरवत आत सरकवा. नळीच्या खालच्या तोंडाशी रबरी टोपी असेल तर तिच्यातला चिखलही काढा.

एक गोष्ट मात्र आधी पाहा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर डाव्या सीटपुढची जमीन ओली होत असेल तर दोष बहुधा एसीच्या पाण्याच्या नळीचा आहे, सनरूफचा नाही.

खरी ओल कार्पेटखाली

गळती थांबली तरी अर्धं काम बाकी असतं. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याखालचा जाड फोम कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो. तिथूनच वायरिंग जाते आणि काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही तिथेच असतं. दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते. कुबट वास आला की लोक डांबरगोळ्या किंवा परफ्यूम ठेवतात. त्याने ओल जात नाही.

जमिनीवर पाणी साचलं असेल तर गाडी सुरू करू नका, मेकॅनिककडून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून घ्या. सीटखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना स्वतः हात लावू नका. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने फोम पिळून घ्या, कार्पेट उचलून खाली लाकडाचे ठोकळे ठेवा आणि कुलर पाण्याविना चालवून त्याची हवा आत सोडा. काचा बंद करून उन्हात उभी केली तर गाडीची वाफाळलेली खोली होते. बाहेर दमट हवा असेल तर वायरिंग कोरडी झाल्यावर, काचा लावून एसी चालवा. तो हवेतला ओलावा शोषतो. फोमवर टिश्यू पेपर दाबून पाहा. तो कोरडा निघेपर्यंत कार्पेट परत बसवू नका.

खर्च कोण देणार?

पुराचं पाणी शिरलं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलेल्या पॉलिसीत दावा करता येतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. नळी तुंबून झालेली गळती मात्र देखभालीचा भाग ठरवली जाण्याची शक्यता जास्त. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही खोलू नका. ओल्या जागेचे फोटो काढा आणि जॉब कार्डवर ‘सनरूफ गळती’ असं लिहूनच घ्या. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडी परत घेताना सर्व्हिस सेंटरच्या दारातच पुन्हा एकदा पेलाभर पाणी ओतून पाहा. नागपूरहून दीडशे किलोमीटर आल्यावर गळती लक्षात आली तर फेरी पुन्हा तुमचीच.