पाहुणे गेले, दाराचा कोड मात्र तोच! भाड्याच्या बंगल्याचे स्मार्ट लॉक कसे सांभाळाल?

लोणावळा, अलिबागपासून गोव्यापर्यंत अनेक बंगले आणि फ्लॅट दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने दिले जातात. मालक पुण्या-मुंबईत आणि पाहुणे दारात, असा हा व्यवहार. पूर्वी चावी केअरटेकरकडे किंवा कुंडीखाली असायची. आता अनेक दारांवर पिन दाबून उघडणारे स्मार्ट लॉक दिसते. पण कुलूप बदलले आणि सवय तीच राहिली, तर धोकाही तसाच राहतो.

नेमका धोका काय?

चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता असतात, सहा आकडी पिनच्या १० लाख. काही वेळा चुकीचा पिन दाबला की बहुतेक लॉक थोडा वेळ थांबतात. त्यामुळे अंदाजाने पिन शोधणे सोपे नाही. खरी अडचण वेगळी आहे. एकच पिन वर्षभर सगळ्यांना दिला जातो आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहतो. मग आज मुक्कामाला असलेल्या कुटुंबाचे दार गेल्या महिन्यातला पाहुणाही उघडू शकतो.

कोड आपोआप कसा संपतो?

वायफायवर चालणाऱ्या लॉकमध्ये मालक घरबसल्या कोड देऊ शकतो आणि रद्दही करू शकतो. काही लॉक मात्र इंटरनेटशिवाय चालतात. त्यात लॉक आणि ॲप या दोघांकडे एकच गुप्त क्रमांक आणि जुळवलेले घड्याळ असते. त्या आधारे ठरावीक दिवसांपुरताच चालणारा कोड तयार होतो. पावसाळ्यात नेट जाणाऱ्या भागात हे सोयीचे आहे. पण एकदा दिलेला असा कोड मुदतीआधी रद्द करायचा असेल, तर सहसा लॉकजवळ जाऊन ब्लूटूथनेच तो काढावा लागतो.

लाइट गेली तर?

ही लॉक साधारणपणे चार पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी दार उघडते. सेल संपले तर अनेक मॉडेलना बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा यूएसबी केबल लावून तात्पुरता वीजपुरवठा देता येतो. २०१७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या चुकीच्या सॉफ्टवेअर अपडेटमुळे सुमारे ५०० लॉकचे कीपॅड बंद पडले होते. त्यात भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचीही लॉक होती. म्हणून एक साधी चावी जवळच्या विश्वासू माणसाकडे असायलाच हवी.

मालकांनी काय करावे?

- प्रत्येक बुकिंगला वेगळा कोड द्या. चेक-आउटच्या वेळी तो संपलाच पाहिजे.
- सफाई कामगार आणि केअरटेकर यांचे कोड वेगळे ठेवा. काम सोडल्यावर लगेच काढा.
- कंपनीने दिलेला मूळ मास्टर पिन पहिल्याच दिवशी बदला.
- सेल कमी झाल्याची सूचना आली की पुढच्या पाहुण्याआधी बदला.
- लॉकच्या नोंदीत कोणता कोड कधी वापरला ते कळते, माणूस कोण होता ते नाही. त्यामुळे ओळखपत्र तपासाच. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे.

पाहुण्यांनी काय पाहावे?

कोड आपल्याच बुकिंगसाठी तयार केला आहे का, हे मालकाला आधीच विचारा. आणि रात्री झोपताना आतली कडी लावा. बाहेरून कोणाकडे कोणताही कोड असला, तरी कडी आतूनच निघते.