कडोदऱ्यात भेटलेला विद्यार्थी

गेल्या महिन्यात एक बाई दहावी झालेल्या मुलाला घेऊन घरी आल्या. "सर, कॉम्प्युटर रिपेअरी शिकतो म्हणतोय. होट्टी तुंबतैतेन्री?"

मला चटकन उत्तर देववेना. २००६ साली एका विद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारला होता आणि मी छातीठोकपणे 'हो' म्हणालो होतो. माझ्या शब्दावर त्याच्या वडिलांनी म्हैस विकून तीन महिन्यांच्या कोर्सची फी भरली. गावात दुकान निघाले. विंडोज टाकून दे, रॅम बदल, एसएमपीएस बदल, असे काही वर्षे बरे चालले. मग घराघरांत मोबाईल आले, टेबलावरचे संगणक माळ्यावर गेले आणि दुकानाला कुलूप लागले. बाजारात त्याचे वडील दिसले की मी रस्ता बदलत असे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला लग्नाला गेलो, तेव्हा तो कडोदऱ्यात भेटला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली-धुळे रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते हे गाव. आजूबाजूला कापडाचे कारखाने. धुळ्याच्या रस्त्याने आलेली खानदेशी मराठी कानावर पडते, शिवाय गुजराती, हिंदी, उडिया. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या पोराला तिसरी जड गेली नाही.

त्याच्या खोलीत एकही घरगुती संगणक नव्हता. होती ती एम्ब्रॉयडरी मशीनची आणि मागांची कार्डे, प्रत्येकाला कारखान्याच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. पेनड्राइव्हमधून नक्षी घेऊन सुया चालवणारे मशीन म्हणजे संगणकच की! "सर, उष्णता, कापसाची-धाग्याची धूळ आणि विजेचा चढउतार, हीच आमची गिऱ्हाइकं," तो म्हणाला. वॉटरजेट मागावर पाण्याच्या फवाऱ्याने धागा फेकतात, तिथे ओल बोर्डात शिरते. तो आधी कार्ड धुऊन वाळवतो, मग मल्टीमीटर लावतो. पहिली दोन वर्षे एका उस्तादाकडे तो फक्त जळके भाग काढायला बसला होता.

मी अर्थशास्त्राचा माणूस, सोल्डरिंगमधले मला शून्य कळते. पण हिशोब कळला. जुना संगणक बिघडला तर दुरुस्तीपेक्षा नवा घेणे लोकांना परवडते. लॅपटॉपची मेमरीही आता अनेकदा बोर्डावरच डकवलेली असते. मशीन थांबले तर मात्र कारागीर बसून राहतात, माल अडतो आणि शेठ तासाला फोन करतो. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीपेक्षा महाग पडते, तिथे हा धंदा जगतो. त्याने कमाईचा आकडाही सांगितला. तो इथे मुद्दाम देत नाही. एकाच्या आकड्यावर दहा घरे निर्णय घेतात, हे मी एकदा पाहिले आहे.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले : अक्का, तीन महिन्यांच्या कोर्सला पैसे घालू नका. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर मिळतो. ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, सर्किट वाचणे तिथे पक्के करू दे. पुढे अप्रेंटिस म्हणून कुठे घेतात ते पाहा. फी भरण्याआधी तिथल्या प्रयोगशाळेत जाऊन ऑसिलोस्कोप चालू आहे का, मुलांना हात लावू देतात का, हे विचारा. नुसते विंडोज शिकवत असतील तर परत फिरा. आणि कडोदराच कशाला? इचलकरंजीतही मागांना इलेक्ट्रॉनिक कार्डे आली आहेत. एखाद्या जॉबरला विचारा, बिघडलेली कार्डे कुठे पाठवता म्हणून.

पोरगा इतका वेळ गप्प होता. "सर, आमच्या मिक्सरचं बोर्ड मीच केलंय," तो म्हणाला. आईने कौतुकाने नाही, काळजीनेच त्याच्याकडे पाहिले. मिक्सर अजून चालतो का, असे मी विचारले. "चालतोय की," ती म्हणाली, "पण दोनदा शॉक बसलाय ह्याला."

आयटीआयचा फॉर्म त्यांनी भरला आहे. त्याच्या वडिलांना अजून सांगितलेले नाही.