भोजनगृहांतील उष्टें आणि विद्यार्थ्यांची खटपट

पानांत उष्टें टाकूं नये, हा पाठ आपल्या घरांतून मुलांना अक्षरओळखीच्याही आधीं मिळतो. पंक्तींत आजोबांचा एक डोळा नातवाच्या पानावर असतोच. परंतु तोच नातू उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला, म्हणजे तो डोळा मागें राहतो आणि पुढें येतें तें विद्यापीठाचें भोजनगृह! तेथें बहुधा एकदां पैसे भरले कीं हवें तितकें वाढून घ्यावें, अशी रीत असते. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें आज अशा ठिकाणीं जेवत असल्यामुळें तेथील विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या खटपटीची हकीकत येथें देत आहों.

पहिली गोष्ट ट्रेची. मोठा ट्रे हातीं असला कीं त्यावर दोन ताटल्या, तीन वाट्या आणि दोन पेले सहज मावतात. आणि मावतात म्हणूनच भरले जातात. हे ट्रेच काढून टाकावे, असा आग्रह कित्येक ठिकाणीं विद्यार्थ्यांनीं धरला. 2008 सालीं आरामार्क या भोजनव्यवस्था चालविणाऱ्या कंपनीनें 25 संस्थांतील 1 लक्ष 86 हजार जेवणांचें उष्टें मोजविलें, तेव्हां ट्रेवांचून तें माणशीं शेंकडा 25 ते 30 नें कमी भरलें. म्हणजे सुमारें 35 ते 50 ग्रॅम. (खर्च वांचण्यांत कंपनीचेंही हित होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) ट्रे धुण्याचें पाणी वांचलें तें निराळेंच. मात्र कुबडी घेऊन चालणाऱ्या विद्यार्थ्यानें ताटली कशी न्यावी? अशांसाठीं थोडे ट्रे ठेवलेच पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

दोन घांसांचा एवढा बाऊ कशास, असें कोणी म्हणेल. पण कचऱ्याच्या ढिगाखालीं गाडलेलें अन्न हवेवांचून कुजतें व त्यांतून मिथेन वायु निघतो. वातावरण तापविण्यांत तो कर्बद्विप्राणिद वायूहून कितीतरी पटींनीं प्रखर आहे.

आतां उष्टें वेगळें आणि उरलेलें वेगळें, हा भेद आपल्या गृहिणींस सांगावयास नकोच. मेरीलँड विद्यापीठांत कोणीं न शिवलेलें, चांगलें अन्न रात्रीं फेंकलें जातें, हें पाहून 2011 सालीं कांहीं विद्यार्थ्यांनीं 'फूड रिकव्हरी नेटवर्क' ही संस्था काढली व तें अन्न गरजूंकडे पोंचविण्यास आरंभ केला. 'खाऊन कोणी आजारी पडला तर?' ही शंका अशा वेळीं हटकून निघते. परंतु शुद्ध हेतूनें अन्न देणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा तेथें 1996 सालींच झालेला होता. पुढें या संस्थेच्या शाखा अनेक विद्यापीठांतून निघाल्या.

येलची कथा थोडी गमतीची आहे. तेथें 2001 सालीं विद्यार्थी, अध्यापक व अ‍ॅलिस वॉटर्स या नामांकित पाककुशल बाई यांच्या विचारांतून एक योजना निघाली, आणि 2003 सालीं बर्कली कॉलेजच्या भोजनगृहांत आसपासच्या शेतांतील, ऋतुमानाप्रमाणें येणारें अन्न रांधूं लागले. तें इतकें रुचकर निघालें, कीं इतर कॉलेजांतील मुलें खोटीं ओळखपत्रें करून तेथें शिरूं लागलीं! लबाडी ती लबाडीच. पण स्वयंपाक्यास याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

अशा चळवळींची खरी अडचण निराळीच असते. विद्यार्थी चार वर्षांनीं पदवी घेऊन निघून जातात, आणि त्यांच्यामागून त्यांची हौसही जाते. येलनें या कामासाठीं पगारी माणसें नेमलीं. म्हणूनच 2003 सालीं लावलेलें तेथील एकरभर शेत अद्याप पिकत आहे.