टक्केवारीत न बसणारी शुश्रूषा

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढलेल्या जवानांपैकी जे आज हयात आहेत ते सत्तरी-ऐंशी ओलांडलेले आहेत, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या पत्नींनीही बहुधा साठी-सत्तरी केव्हाच पार केली आहे; त्यामुळे युद्धातील जखमेचा विचार आता वार्धक्यापासून वेगळा काढता येत नाही. साताऱ्याकडे, जिथे अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हे पद चिकटले आहे, पलटणीत भरती होणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो. भरती झालेला माणूस जायबंदी होऊन परतल्यावर घरात काय घडते, याची नोंद मात्र फारशी झालेली नाही.

गोळी किंवा छर्रा लागून मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालची हालचाल आणि संवेदना नाहीशी होऊ शकते. या अवस्थेला पॅराप्लेजिया म्हणतात. अशा जवानांसाठी खडकी येथे १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र सुरू झाले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, हे आता सर्वांना ठाऊक आहे, परंतु अपंगत्वाची कथा पदकापाशी संपवण्याची सवय समाजाला सोयीची असली तरी शरीराला ती मान्य नसते. चाकाची खुर्ची चाळीस-पन्नास वर्षे हातांनी रेटल्यावर खांद्यांचे सांधे झिजतात आणि जो माणूस दंडांच्या बळावर पलंगावरून खुर्चीत स्वतःच सरकत असे, त्याला उचलण्याची वेळ पत्नीवर नेमकी तिचे गुडघे गेल्यानंतर येते. संवेदना नसल्यामुळे चादरीची चुणी रुतलेली त्याला कळत नाही. म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलणे, टाचा आणि माकडहाड उजेडात न्याहाळणे, लाली दिसली तर शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने पडणारी जखम, चिघळण्याआधी उपाय करणे, लघवीच्या नळीतील गढूळपणावरून जंतुसंसर्ग ओळखणे, हे सारे ती करते. रुग्णालयात या कामासाठी पाळ्या असतात, घरात पाळी बदलायला कोणी नसते.

मनाच्या जखमांचे निदान तर त्या काळी फारसे होतच नव्हते, कारण भयानक अनुभवानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या दुःस्वप्नांना, दचकण्याला आणि अबोलपणाला 'आघातोत्तर तणाव विकार' या अर्थाचे नाव अमेरिकी मनोविकारशास्त्राने अधिकृतपणे दिले तेच १९८० मध्ये. तोवर 'फौजी आहे, तापट असायचाच' एवढ्यावर घरे निभावून नेत होती. उतारवयात स्मृतिभ्रंशाची भर पडली की दबलेले प्रसंग उफाळून येऊ शकतात आणि ते झेलणारी व्यक्तीही बहुधा पत्नीच असते.

शासकीय व्यवस्था नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे आणि तिच्यात पत्नीचाही समावेश आहे. परंतु पॉलिक्लिनिक, तेथून मिळणारे रेफरल आणि मग संलग्न रुग्णालय असा तिचा सर्वसाधारण मार्ग, रुग्णाला आडवे झोपवून तालुक्याहून जिल्ह्याला न्यावे लागणाऱ्या बाईसाठी, कागदावर दिसतो तितका जवळचा नसतो. निवृत्तिवेतनासाठी अपंगत्व टक्क्यांत मोजले जाते आणि पूर्ण अपंगत्वात, वैद्यकीय मंडळाने शिफारस केल्यास, मदतनिसासाठी निरंतर परिचर्या भत्ता मिळतो. हा भत्ता मदतनिसाची गरज मान्य करतो, पण जी पत्नी ते काम आधीपासून करते तिच्या झिजलेल्या पाठीचा हिशेब त्यात कोठेच येत नाही, आणि ती आजारी पडल्यास पतीकडे कोणी पाहायचे, याचे उत्तरही त्यात नाही.

पतीच्या निधनानंतर निवृत्तिवेतनातील अपंगत्वाचा हिस्सा आणि हा भत्ता दोन्ही थांबतात. सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते, तर सेवेमुळे जडलेल्या व्याधीनेच मृत्यू आल्याचे मान्य झाल्यास मिळणारे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के असते. मज्जारज्जूच्या इजेत वारंवारच्या मूत्रसंसर्गाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राला माहीत असले तरी मृत्यूच्या दाखल्यावर केवळ 'मूत्रपिंड निकामी' एवढेच लिहिलेले असेल, तर अर्धशतकापूर्वीच्या गोळीशी त्याचा संबंध जोडण्यासाठी पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, डिस्चार्ज बुक आणि जुनी वैद्यकीय कागदपत्रे घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून पत्रव्यवहार सुरू करणे त्या वृद्धेच्याच वाट्याला येते.